उलटं ठेवलेलं ट्रेसिंग

प्रिय धाकट्या,

बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा आठवतो का तुला? मी तेराची होते, तू दहाचा. आई दुपारी जरा आडवी झाली की मी डब्यावर हात मारायची आणि बोलणी तू खायचास. मग एका रविवारी तू बाबांच्या टॉर्चचे सेल, कुठल्यातरी भंगारातली घंटी आणि हातभर तार घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली शिरलास आणि डब्यावर पहारा बसवलास. मी मनात हसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने विजेचा धडा आम्हाला नुकताच शिकवला होता. तार कापली की वीज बंद, वीज बंद की घंटी बंद. मी आईच्या शिवणाच्या कात्रीने तार कापली, आणि घंटी अशी खणखणली की आई धडपडत उठून आली. तू दारात कमरेवर हात ठेवून उभा. म्हणालास, "ताई, तार तुटली तर वाजलंच पाहिजे. नाहीतर पहारा कसला?" आई त्या दिवशी मला रागवायचं सोडून तुझ्याकडेच बघत राहिली होती.

गेले बारा दिवस ती घंटी माझ्या डोक्यात वाजते आहे.

हे पत्र घेऊन तुझी भाची आली आहे. तिला दारात उभी ठेवू नकोस, सकाळच्या पहिल्या बसने निघाली आहे, काही खाल्लेलं नसेल. मी फोन केला असता, पण माझा फोन आला की तू "बरं आहे सगळं" एवढं म्हणून बायकोकडे देतोस. सत्तावीस वर्षं तू भाचीच्या प्रत्येक वाढदिवसाला स्वतः बांधलेली वही पाठवतोस. आत माझ्यासाठी एक ओळ नसते. मी ती वही हातात घेऊन शिवण बघते, कोपरे बघते, आणि तिला देऊन टाकते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रार करायचा हक्क मला नव्हता, हे मला आत्ता कळलं आहे. पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर रागाने ठेवून देऊ नकोस, शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

निवृत्त झाले तरी मी आठवड्यातून दोन दिवस आपल्या जुन्या कारखान्यात जाते. नवी मुलं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतात, मी तपासते. त्यातली एक मुलगी फार हुशार आहे, काटकुळी, सगळे तिला टाचणी म्हणतात. त्या सोमवारी एका बंद पडलेल्या बेकरीतलं जुनं कंट्रोल पॅनेल भंगारात आलं होतं. कणीक मळायच्या मोठ्या मशीनचं, आपल्याच कारखान्यात बनलेलं. टाचणीने त्याच्या दारामागच्या खणातून आठ घड्या घातलेली प्रिंट काढली आणि माझ्या टेबलावर पसरली. घड्यांमधून पीठ सांडलं. ती वाकून बघायला लागली आणि हसली. "मॅडम, हे बघा ना. स्टॉपचं बटण कॉईलच्या पलीकडे, न्यूट्रलच्या बाजूला. स्टार्टपण तिथेच. हे ज्या महाशयांनी काढलं त्यांना काढून टाकलं असेल ना?" मी हसत चष्मा लावला. पहिल्यांदा नजर गेली ती साताच्या इंग्रजी आकड्यावर. मधोमध आडवी रेघ असलेला सात. सिस्टर आम्हाला तसाच काढायला लावायची, म्हणजे एक आणि सात यांचा गोंधळ होत नाही. त्या कारखान्यात तसा सात दुसरं कोणी काढत नव्हतं. खाली "काढले" या रकान्यात माझी सही होती.

टाचणीने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले की नाही, आठवत नाही. कोणाच्यातरी खुर्चीच्या पाठीला धरून मी उभी होते आणि ती खुर्ची चाकांची असल्याने हळूहळू पुढे सरकत होती, एवढंच आठवतं.

तुला हे समजावायची गरज नाही, पण भाचीने पुन्हा विचारलं तर सांगता यावं म्हणून तिला सांगितलं तेच इथे लिहिते. मोटर चालू करणाऱ्या कॉईलचं एक टोक सरळ न्यूट्रलला गेलं पाहिजे, आणि न्यूट्रल जमिनीला, म्हणजे अर्थला बांधलेलं असतं. सगळी बटणं कॉईलच्या अलीकडे, वीज येते त्या बाजूला. मग बटणाकडे जाणारी तार कधी घासून उघडी पडली आणि मशीनच्या लोखंडाला टेकली, तर फ्यूज उडतो आणि मशीन गप्प बसतं. पण बटणं पलीकडे, न्यूट्रलच्या बाजूला ठेवली, तर तीच उघडी तार लोखंडाला टेकताच कॉईलला हवा तो रस्ता मिळतो. फ्यूज उडत नाही. बटणाला कोणी हात न लावता मोटर सुरू होते, आणि स्टॉप कितीही दाबा, थांबत नाही. तू वायरिंग केलेल्या मशीनवर ज्या बाईंची बोटं गेली, त्यांनी स्टॉप दाबला होता. मशीन थांबलं होतं. मग त्यांनी कडेला चिकटलेली कणीक खरवडायला हात आत घातला होता.

अपघाताच्या चौकशीत तू एकच वाक्य बोललास. "मी ड्रॉइंगप्रमाणे वायरिंग केलं." पॅनेलमधली प्रिंट सापडत नव्हती, म्हणून ऑफिसातलं मूळ ट्रेसिंग, ज्या पारदर्शक कागदावरून प्रिंट निघतात ते, मागवलं. ट्रेसिंग टेबलावर आलं. बटणं अलीकडे, कॉईल पलीकडे, सगळं जिथल्या तिथे. मला विचारलं, हे तुम्ही काढलंत का. मी हो म्हणाले. बरोबर आहे का. मी म्हणाले, बरोबर आहे. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मला सातवा महिना होता. तुझी नजर माझ्या तोंडावरून पोटावर गेली, आणि मग तू खाली बघितलंस आणि पुढे एक अक्षर बोलला नाहीस. ती नजर मी इतकी वर्षं शरमेची समजत आले. बिचाऱ्याची चूक झाली, बहिणीसमोर उघडी पडली, असं मी लोकांना सांगितलंसुद्धा. तुझी कीव करत होते मी, धाकट्या.

प्रिंट घेऊन मी रेकॉर्डच्या खोलीत गेले. ट्रेसिंग अजून होतं, नंबर लावून नळीत गुंडाळलेलं. दोन्ही शेजारी ठेवली. एकच नंबर, एकच तारीख, माझ्याच दोन सह्या, आणि सर्किट एकमेकांच्या उलट. मग मी ट्रेसिंग खिडकीच्या काचेला लावलं. ब्लेडने शाई खरवडली की कागद तिथे पातळ होतो आणि त्यावर बारीक लव उठते, ती उजेडातच दिसते. बरोबर त्याच जागी कागद खरवडलेला होता. वर नवीन रेघा काढलेल्या होत्या, माझ्यापेक्षा बारीक निबाच्या, आणि बाणाचं टोक भरीव होतं. माझे बाण पोकळ असतात. भरीव बाण आमच्या ऑफिसात एकच माणूस काढायचा. रोज सकाळी तो माझ्यासमोर बसून पेपर वाचतो.

आधी माझी चूक सांगते. त्या मशीनचा बटणांचा डबा नेहमीसारखा उजवीकडे नव्हता, डावीकडे हवा होता. नवं ड्रॉइंग पहिल्यापासून काढायचं तर दोन दिवस गेले असते. मी जुनं ट्रेसिंग घेतलं, पालथं घातलं, वर कोरा कागद ठेवला आणि पाठीमागून गिरवलं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं, मांडणी आरशातल्यासारखी फिरली. आम्ही सगळेच करायचो तसं. पण त्याच कागदाच्या खालच्या भागात सर्किट होतं, तेही फिरलं. आणि दोन्ही बाजूंची नावं मात्र मी सवयीने नेहमीच्या जागी लिहिली. वीज डावीकडे, न्यूट्रल उजवीकडे. दोन नावं नुसती अदलाबदल करून लिहिली असती तर त्या बाई आज दोन्ही हातांनी वेणी घालत असत्या. शनिवार होता, अर्धा दिवस. लग्नाला चार महिने झाले होते आणि तीनच्या खेळाची सिनेमाची तिकिटं तुझ्या भाऊजींच्या खिशात होती. मी काढलं म्हणून सही केली, त्यांनी तपासलं म्हणून सही केली, आणि आम्ही जिना उतरलो.

घरी आले तेव्हा ते खिडकीशी बसून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होते. मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा शोधला नाही. चष्म्याशिवाय त्यांना आता पेपरचा मथळाही वाचता येत नाही, आणि तरी त्यांनी तो शोधला नाही, तेव्हाच मला कळायचं ते कळलं. बराच वेळ घड्याळाची चावी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुला सातवा महिना होता. डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. तू कोसळली असतीस." मी म्हटलं, "आणि 'तपासले' मध्ये सही तुमची होती." ते म्हणाले, "ती पण होती." पॅनेलमधली प्रिंट त्यांनीच काढून घेतली होती, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. मी विचारलं, माझा भाऊ? ते म्हणाले, "तो तरुण होता. वाटलं, त्याला दुसरं काम मिळेल." मग विचारलं, चहा टाकू का. एकतीस... नाही, हिशेब चुकतो आहे माझा, जवळजवळ तीस वर्षं ह्या माणसाने मला रोज सकाळी चहा करून दिला आहे. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला ते कोणीतरी चुकून आमच्या घरात येऊन बसलेले गृहस्थ वाटत होते.

ते वाईट नाहीत, हे तुलाही माहीत आहे. म्हणूनच मला काही सुचत नाही. वाईट असते तर सोपं होतं.

गुरुवारी मी त्या बाईंकडे गेले. पत्ता मिळवायला दोन दिवस लागले. नातवाला भरवत होत्या, डाव्या हाताने, इतक्या सफाईने की उजव्या हाताकडे लक्ष जायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, मधूनच नातवाचं तोंड पुसत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ दवाखान्यात येऊन बसायचा हो. रोज. मी सुरुवातीला शिव्या घातल्या त्याला, तरी यायचा. एकदा मी विचारलं, अरे, चूक तुझी नाही म्हणतोस, मग येतोस कशाला? तर म्हणाला, मी एकदाच विचारलं. दोनदा विचारायला पाहिजे होतं."

मला काही कळलं नाही. कोणाला विचारलं, काय विचारलं. परत येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि अचानक जिना दिसला. ड्रॉइंग ऑफिसचा लोखंडी जिना, आणि तू खालून प्रिंट घेऊन दोन दोन पायऱ्या चढत येतो आहेस. सोमवारच होता तो. मी टेबलावर डोकं टेकून बसले होते, कारण रविवारी पाहुणे होते आणि माझी झोप झाली नव्हती. तू म्हणालास, "ताई, स्टॉप न्यूट्रलकडे घेतलाय, मुद्दाम का?" आणि मी मान वर न करता म्हणाले, "कागद माझा, पक्कड तुझी. आहे तसं कर." आपलं नेहमीचं थट्टेचं वाक्य. तू हसलास आणि खाली गेलास. धाकट्या, मी हे विसरले होते. लपवलं नव्हतं, शपथेवर सांगते, साफ विसरले होते. एखाद्याचं आयुष्य ज्या वाक्याने वाकडं होतं ते वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षातही राहत नाही, ह्याचा धक्का मला त्या प्रिंटपेक्षा मोठा बसला आहे. तुझ्या मात्र ते लक्षात होतं. चौकशीत तू ते बोलू शकत होतास. माझ्या पोटाकडे बघून गप्प बसलास.

आणि ते ट्रेसिंग टेबलावर आलं तेव्हा तुला काय वाटलं असेल, हे मला आता कळतं. ड्रॉइंग चुकीचं होतं हे तुला माहीत होतं, तू डोळ्यांनी बघितलं होतंस. मग ते बरोबर कसं झालं? खरवडणार कोण, जिचा कागद तीच. तू सत्तावीस वर्षं हेच धरून चालला आहेस ना, की माझी ताई ब्लेड घेऊन बसली, आणि मग माझ्यासमोर उभी राहून बरोबर आहे म्हणाली? मी खरवडलं नाही. हे सांगून सुटायचं नाही मला. चूक माझी आणि ते वाक्यही माझंच, ते कोणाच्या ब्लेडने जाणार नाही. पण तुझी बहीण ते करेल असं ज्या दिवशी तुला वाटलं, त्या दिवसापासून तू पक्कड हातात धरली नाहीस आणि पुस्तकं बांधत बसलास, एवढं तरी माझ्या हाताने पुसायचं आहे.

आता काम. तुझ्या हातचं पॅनेल एकच होतं, अपघाताचं. पण तू पुढे वर्षभर बाहेरगावच्या साइटवर होतास, तेव्हा त्याच ट्रेसिंगवरून, खरवडण्याआधीच्या, आणखी तीन पॅनेलं बांधली गेली. ऑर्डरच्या वहीत सापडली. ज्यांनी बांधली ते वायरमन काका चौकशीच्या आधीच निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते, आता हयात नाहीत. तुझ्या भाऊजींना ही तीन माहीत होती. मी विचारलं, त्यांचं काय केलंत. म्हणाले, परत मागवली असती तर का मागवली हे सांगावं लागलं असतं. मग म्हणाले, इतक्या वर्षांत काही झालं नाही ना. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले नाही. तीनपैकी एक भंगारात आलं तेच. दुसऱ्याच्या मालकाने माझा फोन ठेवताच मशीन बंद केलं आणि परवा तारा फिरवून घेतल्या. मी स्वतः उभी होते. बटणाच्या डब्याकडे जाणाऱ्या तारेचं वेष्टण नखाएवढं उरलं होतं. तिसरं तुझ्या गावात आहे, बसस्टँडमागच्या बेकरीत, तुझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मालक मला फोनवर म्हणाला, "बाई, अठ्ठावीस वर्षं चालतंय. चालत्या मशीनला कशाला हात लावायचा? तारेतलं कळणारा माणूस पाठवा, कागद नको." कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसने पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. त्या मशीनवर सकाळ-दुपार दोन बायका काम करतात, हे मी त्याच्याकडून काढून घेतलं. म्हणून हे पत्र. माफी मागायला मी स्वतः आले असते, आणि येईनही, तू म्हणशील तेव्हा. पण तारेतलं कळणारा, आणि त्या ड्रॉइंगला एकदा तरी प्रश्न विचारणारा माणूस मला एकच माहीत आहे.

भाचीच्या पिशवीत सगळं आहे. पिठाची प्रिंट तुझी, ती कोणालाही देऊ नकोस, मालकाला नुसती दाखव. बरोबर केलेलं नवं ड्रॉइंग त्याला दे, टाचणीने काढलं आहे आणि मी दोनदा तपासलं आहे. लांब लिफाफ्यात माझं निवेदन आहे, सहीसकट, तारखांसकट, जिन्यावरच्या वाक्यासकट. त्याची एक प्रत निरीक्षकांकडे गेली आहे, एक आपल्या कारखान्याच्या मालकाकडे, एक त्या बाईंकडे, ही तुझ्या बायकोसाठी आहे, कारण तिनेही हे सोसलं. ट्रेसिंग मी निरीक्षकांच्या हातात दिलं आणि पोचपावती घेतली. तुझा तो लाकडी मुठीचा टेस्ट लॅम्प, जो तू जाताना तुझ्या खणात ठेवून गेलास, तो फडक्यात गुंडाळलेला आहे. बल्ब नवीन घातला आहे, लागतो. पक्कडही तुझीच. माझे सेटस्क्वेअर आणि निबं टाचणीला दिली, तुझ्या भाचीला नको होती. पत्र पुन्हा वाचायचं असलं तर परत आल्यावर वाच, आधी बेकरीत जा, आणि मेन स्विच बंद करून चावी भाचीच्या हातात दे, म्हणजे तू आत हात घातलेला असताना तो कोणी चालू करणार नाही. काम झालं की बटणाकडे जाणारी जी जुनी तार काढशील, ती टाकू नकोस. गुंडाळून तिच्याजवळ माझ्यासाठी पाठव.

तुझीच,
ताई